पोटातलं दुखणं

सरिता स्टुलावर चढली, पाळण्याची दोरी आढ्यावरून ओवली आणि दोन्ही हातांनी खेचून गाठ आवळली. गाठ धरते की नाही ते बघायला तिनं पाळण्यात नागलीचं गाठोडं ठेवून दोन झोके दिले. मग खाली उतरून ती भिंतीला टेकली. तिची सासू हिराबाई हळदकुंकवाची वाटी घेऊन थांबलेलीच होती. वांझ बाईचा हात पाळण्याला लागू नये असं हिराबाईचं म्हणणं. पण आढ्याला हात पुरेल अशी उंच घरात सरिताच. तेव्हा गाठ सरितानं मारायची आणि दोरीला हळदकुंकू लावून ती हिराबाईनं शुद्ध करून घ्यायची, असं दोघींमध्ये न बोलताच ठरलं होतं.

झरीतल्या त्या घरात पाळणा पुष्कळ वर्षांनी बांधला जात होता. सरिता लग्न होऊन चिखल्याहून इथं आली तेव्हा विशीतली होती, आता तिशी उलटली होती. मूल झालं ते तिच्या नवऱ्याच्या, दीपेशच्या, दुसऱ्या बायकोला, निलमला, आणि तेही घरात पाऊल टाकल्यापासून वर्षाच्या आत. पोरगाच झाला. त्यामुळे सरिताबद्दल कुणाच्या मनात काही शंका उरली असेल तर तीही मिटली.

तशी शंका नव्हतीच. सरिताची पाळी तीन-तीन, चार-चार महिने येत नसे. हनुवटीवर राठ केस उगवत, ते ती मागच्या दाराशी बसून दोऱ्यानं उपटायची. घरात सगळ्यांत कमी जेवायची तरी अंग सुटत चाललेलं, आणि मानेच्या घडीत मळासारखा काळा पट्टा, जो नारळाच्या काथ्यानं घासूनही जात नसे. हिराबाईनं एकदा स्वतःच्या हातानं घासून पाहिला होता, रक्त येईपर्यंत.

दीपेशनं तिला वापीच्या डॉक्टरणीकडे नेलं होतं, नेलं नाही असं नाही. डॉक्टरीण अर्धं गुजराती, अर्धं हिंदी बोलली. मशीन पोटावर फिरवून म्हणाली, अंडाशयात बारीक बारीक गाठी आहेत, मण्यांसारख्या. साखर जास्त आहे, दाबही जास्त आहे. गोळ्या लिहून दिल्या आणि दीपेशकडे बघून पुष्कळ काही सांगितलं. दीपेश मान हलवत राहिला. बाहेर आल्यावर सरितानं विचारलं, काय म्हणाली? मुलाच्या गोळ्या आहेत, रोज घ्यायच्या, दीपेश म्हणाला. सरिता रोज घेत राहिली. पाळी थोडी रांगेत यायला लागली होती. पण हिराबाईला तेवढी वाट बघवली नाही, आणि वाणगावकडची निलम घरात आली. ती आली त्याच आठवड्यात हिराबाईनं कोनाड्यातली गोळ्यांची पाकिटं उचलली आणि चुलीत टाकली. आता कशाला, एवढंच म्हणाली. प्लास्टिक जळाल्याचा वास घरभर सुटला. सरिताला वाईट वाटलं नव्हतं, उलट मोकळं वाटलं होतं. रोज रात्री ती गोळी गिळताना आपण कुठं कमी पडतो ते गिळल्यासारखं वाटायचं. ते एक सुटलं.

बारशाच्या दिवशी मागच्या अंगणात चूल मांडली होती. वाल शिजत होते, भाताचं मोठं पातेलं सरितानं एकटीनं उतरवलं. उतरवलं आणि बेंबीच्या वर, छातीच्या खाली, कुणीतरी आतून मूठ आवळली. तिला वाटलं, उपाशी आहोत म्हणून असेल. ती पाणी प्यायली. मूठ सुटेना. घाम आला तो गार होता, चुलीसमोर बसूनही गार. दोन्ही जबडे ठणकायला लागले, दाढ दुखावी तसे. पाठीत काहीतरी रुतलं.

आत बायका जमल्या होत्या. मध्ये निलम बसली होती, नवं पातळ नेसून, मांडीवर पोर. सरिता दारात येऊन चौकटीला धरून उभी राहिली आणि हिराबाईला हळू म्हणाली,

"आई, वाढायला कुणालातरी पाठवा. माझ्या पोटात दुखतंय."

मग तिची नणंद संगिता, जी वाणगावला दिली होती आणि बारशासाठी आदल्या दिवशीच आली होती, ती पानाची तबकं लावता लावता म्हणाली,

"दुखणारच की वहिनीच्या पोटात. आज नाही दुखायचं तर कधी?"

बायका हसल्या. एक हसली, मग दुसरी, मग सगळ्या. निलमनं पोराच्या डोक्यावर तोंड लपवलं, पण तिचे खांदे हलताना सरिताला दिसले. खुद्द संगिताच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि तिची कूसही अजून उजवली नव्हती. बायका पुढे आपल्याकडेच वळतील हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती सगळ्यांत मोठ्यानं हसली.

हिराबाई हसली नाही. ती उठून दारापर्यंत आली आणि सरिताच्या कानाशी म्हणाली की लोकांसमोर तमाशा करू नको, ओवा चाव आणि वाढायला घे.

सरितानं ओवा चावला आणि वाढायला घेतलं. पहिली पंगत तिनंच वाढली. वाकलं की डोळ्यांपुढे काळोख यायचा, मग ती पातेल्याच्या काठावर हात टेकून थांबायची. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. दुसऱ्या पंगतीला वालाचं भांडं घेऊन ती उंबरठ्यापर्यंत आली आणि भांड्यासकट आडवी झाली. गरम वाल तिच्या हातावर सांडले तरी तिनं हात काढून घेतला नाही, तेव्हा कुठं बायकांचं हसणं थांबलं.

दीपेश घोलवडच्या वाड्यांमधून चिकू भरून नेणारा टेंपो चालवायचा. त्याच टेंपोत, रिकाम्या करंड्या बाजूला सारून, तिला डहाणूला नेलं. हिराबाई आली नाही, पाळण्यात नाव ठेवायचं राहिलं होतं. निलमनं चादर मात्र आणून दिली.

दवाखान्यात सरिताच्या छातीला वायरी लावल्या. डॉक्टरीण तरुण होती, मराठी बोलायची. तिनं कागदाची पट्टी बघितली आणि ताबडतोब इंजेक्शन द्यायला लावलं. मग दीपेशला हिरव्या पडद्याच्या पलीकडे घेऊन गेली. सरिताचे डोळे मिटलेले होते, पण कान उघडे होते.

कधीपासून दुखत होतं असं डॉक्टरणीनं विचारलं. सकाळपासून म्हणत होती पोटात दुखतंय, दीपेश म्हणाला, पण आम्हाला वाटलं... काय वाटलं ते त्यानं सांगितलं नाही. बायकांना पुष्कळदा असंच दुखतं, डॉक्टरीण म्हणाली, पोटात, जबड्यात, पाठीत. हृदयाचा झटका आला आहे. मग तिनं पाळीचं विचारलं, मागच्या औषधांचं विचारलं, आणि दीपेशनं वापीचं सगळं सांगितलं.

"हे सगळं त्या एकाच दुखण्याच्या पोटातलं आहे," डॉक्टरीण म्हणाली. "पाळी चुकणं, केस येणं, वजन, साखर, दाब. अशा बायकांच्या हृदयाला धोका जास्त असतो. म्हणून तर त्या गोळ्या होत्या. बंद का केल्या?"

"घरात मूल झालं ना."

"हिला?"

दीपेशनं नाही म्हणून मान हलवली.

"दुसरी आहे," तो म्हणाला. आणि आवाज खाली आणून, "मॅडम, म्हणजे गोळ्या चालू ठेवल्या असत्या तर हिला मूल झालं असतं?"

"मी तिच्या हृदयाबद्दल बोलतेय."

"हो. पण झालं असतं का?"

"झालंही असतं," डॉक्टरीण म्हणाली. "पुष्कळ जणींना होतं."

पडदा सरकवून दीपेश आत आला तेव्हा त्याचा चेहरा सरिताला ओळखू येईना. तो पायथ्याशी उभा राहिला, चादरीचं टोक उगाच सरळ केलं.

"गॅस होता म्हणते," तो म्हणाला. "छातीत चढला."

सरितानं त्याच्याकडे बघितलं.

"असेल," ती म्हणाली.

पुढच्या तपासणीला वलसाडला न्यायला सांगितलं होतं. भात कापून झाला की नेऊ असं दीपेश म्हणाला. भात कापून झाला, मग चिकूचा हंगाम आला, आणि तो विषय घरात कुणी पुन्हा काढला नाही. डहाणूहून गोळ्या मात्र मिळत होत्या, त्या सरिता घेत होती. चढाव चढताना धाप लागायची. विहिरीचं पाणी आता निलम आणायची आणि आणताना काही बोलायची नाही, पण हंडा जोरात आदळायची.

दीपेशनं डॉक्टरणीचं बोलणं आईला कधी सांगितलं कोण जाणे, पण सांगितलं. एका सकाळी सरिता पडवीत तांदूळ निवडत असताना हिराबाई कुडाच्या पलीकडे शेजारणीशी बोलत होती. आवाज मुद्दाम मोठा होता. ही गोळ्या घेत राहिली असती तर हिचंच पोर असतं आज या घरात, हिराबाई सांगत होती. पण हिनंच सोडल्या. आळस, दुसरं काय. माझ्या पोराला दोन बायकांचा धनी व्हायला लावलं हिनं. दीपेश अंगणात टेंपोचं चाक बदलत होता. चुलीत गोळ्या कुणी टाकल्या ते त्याला माहीत होतं. त्यानं पान्याला जोर दिला आणि मान वर केली नाही. सरितानं सुपातला एक खडा उचलला आणि बाहेर फेकला.

त्यानंतर तिच्या गोळ्या कमी व्हायला लागल्या. महिन्याच्या पंधरा दिवसांतच पाकीट संपायचं. तिला वाटलं आपणच विसरून जास्त घेतो की काय. मग संगिता माहेरी आली असताना तिच्या पिशवीत तेच पाकीट दिसलं. हिराबाईनं काढून दिलं होतं, मुलाच्या गोळ्या म्हणून.

सरिता संगिताला घेऊन मागच्या दाराशी बसली. तिला राग आला होता, पण तिनं जे सांगितलं ते खरं आणि सरळ सांगितलं: या दाबाच्या गोळ्या आहेत, यानं मूल होत नाही, चक्कर येऊन पडशील. तुझी पाळी कशी आहे? संगितानं इकडेतिकडे बघितलं. पाच-पाच महिने येत नाही, ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या सासरीही आता दुसरीचं बोलणं चाललं होतं. नवरा, नविन, काही बोलत नसे, पण नाही असंही म्हणत नसे.

देवीला जातो असं सांगून दोघी डहाणूला गेल्या. तीच तरुण डॉक्टरीण होती. तिनं संगिताला तपासलं आणि सरिताला पाळीचं जे दुखणं आहे तेच संगितालाही आहे म्हणाली. पण वेळेवर आलात. तिनं गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, आणि दोघींना समोर बसवून समजावलं की हे दुखणं मूल झालं म्हणून संपत नाही. दिवस राहिले तर दाबावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, पाय सुजले, डोकं ठणकलं, नजरेपुढे काजवे चमकले तर असाल तशा इकडे निघून या. त्यात आईही जाते आणि मूलही. संगिता मान हलवत होती. परतताना बसमध्ये तिनं सरिताचा हात धरून ठेवला होता. बारशाचं काही बोलली नाही. सरितालाही वाटलं, जाऊ दे.

पुढच्या वर्षी संगिताला दिवस राहिले. हिराबाईनं पाड्यावर घरोघर गूळ वाटला आणि देवीचा नवस फेडला, कारण देवीलाच गेल्या होत्या ना दोघी. संगितानं तिचं म्हणणं खोडलं नाही. सासरी तिला कुणी खाली पाय ठेवू देईना. चालणं बंद झालं, डहाणूला जाणंही बंद झालं. गावात येणाऱ्या नर्सबाईनं एकदा दाब वाढलाय म्हटलं, म्हणून संगिता पुढच्या वेळी तिच्यासमोर गेलीच नाही.

सरिताला हे कळलं तेव्हा संगिता दोन दिवसांसाठी माहेरी आली होती. सगळी जेवायला बसली होती. सरितानं वाढता वाढता विचारलं,

"दाब बघून घेतेस ना, संगिता? डॉक्टरीण काय म्हणाली होती..."

संगितानं भाकरीचा घास खाली ठेवला. निलम तिच्याकडे बघत होती, आई बघत होती.

"कसली डॉक्टरीण?" ती म्हणाली. "वहिनीला माझं चांगलं बघवत नाही, आई. सांगून ठेव तिला."

हिराबाईनं सांगून ठेवलं. जेवण झाल्यावर सरिताला परसात बोलावलं आणि म्हणाली की तुझी जीभ काळी आहे, तिनं माझ्या पोरीचं नाव घ्यायचं नाही. दवाखान्याचं तर नाहीच नाही. पुन्हा ऐकलं तर चिखल्याला भावाच्या दारात नेऊन सोडेन, आणि तो काही तुला आत घेणार नाही, हे तुलाही माहीत आहे. सरिताला माहीत होतं. भाऊ, प्रविण, ती दवाखान्यात होती तेव्हा एकदाही फिरकला नव्हता. ती आत आली आणि उष्टी भांडी घेऊन बसली. त्या रात्रीपासून ती संगिताशी लागेल तेवढंच बोलू लागली.

सातव्या महिन्यात संगिताची ओटी भरायची होती. झरीच्या अंगणात मांडव घातला. वाणगावहून सासरची माणसं आली, पाड्यावरच्या बायका आल्या. सरितानं ओटीच्या वेळी मांडवात यायचं नाही हे आदल्या दिवशीच ठरलं होतं. ती पडवीत, कुडाच्या आडोशाला बसून नारळ सोलत होती.

ओटी भरायच्या आधी संगिताला नवी जोडवी घालायची होती, पण जुनी निघेनात. बोटांत रुतली होती. ओढून बघितलं, साबण लावून बघितला. शेवटी हिराबाई तिला धरून पडवीत घेऊन आली आणि सरिताला म्हणाली, तेल लावून काढ, हात हळू ठेव. ती परत मांडवात गेली. बायकांनी गाणी सुरू केली होती.

सरितानं संगिताचा पाय मांडीवर घेतला. पाय जड होता, कातडी ताणून चकाकत होती. तिनं तेल लावलं आणि घोट्याच्या वर, हाडापाशी, अंगठ्यानं दाबलं. अंगठा काढला. तिथं खळगा पडला होता. ती बघत राहिली. खळगा भरला नाही. मळलेल्या पिठात बोट रुतवून काढावं तसा तो राहिला.

"डोकं फुटतंय गं वहिनी," संगिता हळूच म्हणाली. तिनं कुडाला डोकं टेकलं होतं, डोळे अर्धवट मिटले होते. "कालपासून. मध्येच सगळं चमकतं डोळ्यांपुढे. आईला नको सांगू, एवढी माणसं आलीत."

सरिताचा हात थांबला. कुडाच्या फटीतून मांडव दिसत होता. दीपेश पाहुण्यांना पाणी देत होता. टेंपो वडाखाली उभा होता, रिकामा. हिराबाई विहिणीशेजारी बसून टाळ्या वाजवत होती, तिचा चेहरा फुलून आला होता. मध्येच तिनं पडवीकडे नजर टाकली आणि सरिता इकडेच बघते आहे हे दिसताच तिच्या भुवया जवळ आल्या.

"काही नाही ना, वहिनी?" संगितानं विचारलं. डोळे उघडून तिनं सरिताकडे बघितलं. लहान मुलीसारखं विचारलं.

सरितानं जोडवं फिरवलं, थोडं तेल सोडलं, पुन्हा फिरवलं. ते निघालं. तिनं ते पदराला पुसलं आणि संगिताच्या तळहातावर ठेवलं.

"नाही," ती म्हणाली. "या दिवसांत पाय सुजतातच."

संगितानं डोळे मिटले. सरितानं तिचं लुगडं घोट्यापर्यंत नीट खाली ओढलं आणि दुसरा पाय मांडीवर घेतला. मांडवात बायकांनी नवं गाणं धरलं होतं. मोठं गाणं होतं, एकेका महिन्याचं एकेक कडवं, आणि अजून तिसरा महिनाच चालला होता. सरिताला ते सगळं पाठ होतं. तेलाचा हात फिरवता फिरवता तिनं हलक्या आवाजात बायकांच्या सुरात सूर मिळवला.